पान नऊवरचं सीताफळ

आमच्या घरात देव नव्हते, पुस्तिका होत्या. छप्पन सालानंतर आजोबांनी देव नदीत सोडले आणि रिकाम्या कोनाड्यात पुढची साठ-सत्तर वर्षं कागद साठत गेले. सोळा पानी, बत्तीस पानी, पिवळ्या, गुलाबी, कडा खाल्लेल्या पुस्तिका. भूत का नसतं, ग्रहणात का जेवावं, नवस का फेडू नये. मी अक्षरं ओळखायला लागले ती त्यांच्यावरच. शाळेत बाईंनी ‘न’ वरून शब्द विचारला तेव्हा इतर पोरं नळ, नथ म्हणाली. मी ‘नकार’ म्हणाले.

वडील नांदेडला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळ्यांचा धंदा बुडाला तेव्हा कंधारजवळच्या आमच्या गावी परत आले, पण गावानं त्यांना ‘छापखाने’ हे आडनाव देऊन टाकलं होतं. घडी घालण्याची त्यांची सवय सुटली नाही. एक मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानं होतात आणि उलगडून पाहिलं तर शिवणीच्या दोन बाजूंना पडलेल्या पानांची बेरीज नेहमी सतरा येते. एक आणि सोळा. दोन आणि पंधरा. आठ आणि नऊ. मी सात वर्षांची असताना हे मला कळलं आणि मी दिवसभर घरातला मिळेल तो कागद दुमडत बसले, रेशनकार्डासकट. ते रेशनकार्ड अजून चार घड्यांवर फाटलेलं आहे.

पुढे लातूरला गणित भेटलं ते वेगळंच. मी तिथं एका खासगी क्लासमध्ये सरावपरीक्षांचे प्रश्न टाइप करण्याचं काम करते. लातुरात चौकाचौकांत पोरांचे चेहरे टांगलेले असतात, चेहऱ्याखाली आकडा असतो. आधी मला वाटलं, ही हरवलेली पोरं आहेत. रोज दोनशे प्रश्न टाइप करूनही गणिताशी आपला काही संबंध येत नाही, हे पाहून मला संताप आला आणि माझ्याकडे संतापावर एकच औषध आहे. मी पुस्तिका लिहिली.

सोळा पानं, तीन भाग. गणित निसर्गात, गणित कलेत, गणित गोष्टीत. गोष्टीचा भाग मला स्वतःला आवडतो. थोरला राजपुत्र जातो, फसतो. मधला जातो, फसतो. धाकटा जातो, जिंकतो. दोनदा तसंच झालं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात नियम तयार होतो आणि तिसऱ्यांदा तो मोडला की गोष्ट तयार होते. एका राजपुत्रात गोष्ट होत नाही, पाच राजपुत्रांत ऐकणारा झोपतो. तीन ही सोय आहे, चमत्कार नाही, असं मी ठणकावून लिहिलं.

कलेचा भाग आईचा. तिच्या वडिलांच्या हातात हलगी होती. आखूड ठोका एका मात्रेचा, लांब ठोका दोन मात्रांचा, तर इतक्या मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील, हे मी तिला विचारलं. तिनं भाकरीची परात पालथी घातली आणि वाजवायला लागली. टिक. एका मात्रेला एकच तऱ्हा. दोनला दोन: टिक टिक, नाहीतर धूम. तीनला तीन. चारला पाच. पाचला आठ. सहाला तेरा. मी वहीत लिहीत होते आणि मधेच ती थांबली.

“आता वाजवून बघायची गरज न्हाई. सातला एकवीस येतील.”

“कशावरून?”

“शेवटी टिक असंल तर त्याच्या मागं सहाच्या सगळ्या तऱ्हा. शेवटी धूम असंल तर पाचच्या सगळ्या. तेरा अन् आठ. दोन्ही मिळवायचे. भाकरी करपून राहिली, ऊठ.”

चौथी शिकलेल्या बाईनं परातीवर ही गोष्ट सिद्ध केली. क्लासमध्ये ती टाइप करायला मला चार ओळी लागल्या असत्या आणि ती कुणालाच कळली नसती.

मग राहिला निसर्गाचा भाग. तो मी लातूरच्या खोलीत, पंख्याखाली, इंटरनेटवरून लिहिला. आठ आणि तेरा हेच आकडे झाडाफळांतही सापडतात, असं तिथं होतं. अननसाच्या अंगावरच्या खवल्यांच्या तिरक्या ओळी मोजल्या तर एका बाजूनं आठ, दुसऱ्या बाजूनं तेरा. मला फार आनंद झाला. फक्त अडचण ही, की कंधार तालुक्यात अननस कुणाच्या बापानं लावलाय? वडिलांचा पुस्तिकांबाबत एक नियम आहे: उदाहरण आपल्या मातीतलं पाहिजे. परक्या उदाहरणानं माणूस मान डोलावतो आणि विसरतो. म्हणून मी अननस खोडून सीताफळ लिहिलं. तेही गोल, त्यालाही डोळे, तेही तिरके. पान नऊवर मोठं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं: ‘कुठलंही सीताफळ घ्या. डोळ्यांच्या तिरक्या ओळी एका बाजूनं आठ भरतील, दुसऱ्या बाजूनं तेरा. निसर्ग चुकत नाही.’

एकही सीताफळ न मोजता.

नांदेडहून पाचशे प्रती छापून आल्या. सोळा पानांच्या पुस्तिकेची शिवण आठ आणि नऊच्या मधे बसते, त्यामुळे ती हातात घेतली की आपोआप तिथंच उघडते. पुस्तिका उघडणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी माझं सीताफळ दिसत होतं.

सगळ्यात आधी ते दिसलं माळकरीकाकांना. हे आमच्या शेजारच्या शिवारातले शेतकरी, वडिलांचे चाळीस वर्षांचे दोस्त. गळ्यात माळ, दरसाल सप्ताहाचा पुढाकार यांच्याकडे आणि बांधावर सीताफळांची सत्तर झाडं. वडील त्यांना ‘माळकरी’ म्हणतात, ते वडिलांना ‘छापखाने’. ते विहारात खिरीला येतात, वडील त्यांच्या पंगतीला जातात आणि दोघंही एकमेकांना बिघडलेलं समजतात.

“का हो छापखाने,” पुस्तिका उघडून ते म्हणाले, “निसर्ग चुकत न्हाई म्हणता. आमचे महाराज हेच म्हणतेत, देव चुकत न्हाई. तुम्ही नुसता शब्द बदलला की.”

“महाराजांनी मोजलं नाही. माझ्या लेकीनं मोजलंय.”

मी तेव्हा पाणी आणायला आत गेले. पाणी कुणी मागितलं नव्हतं.

आता नातीचं सांगायला पाहिजे. माळकरीकाकांची नात लातूरला नर्सिंगला होती आणि माझ्याच खोलीत राहायची. शिरूर अनंतपाळचं एक स्थळ तिला आलं होतं. पोरगा तिला आवडला होता, तीही त्याला. जात जुळली होती. ती आधीच जुळवून घेतलेली असते, ते गणित पंचांगात मांडावं लागत नाही. शेत जुळलं, शिक्षण जुळलं. पण पत्रिका पाहणाऱ्या बाबानं छत्तीसपैकी सतरा गुण काढले. अठरा लागतात. एका गुणानं नापास. तिनं नर्सिंगच्या तीन वर्षांत इतके कमी गुण कधी पाहिले नव्हते.

वडील यावरून काकांना महिनाभर टोचत होते आणि काका म्हणत होते, ते पंचांगाचं गणित आहे. त्या दिवशी वडिलांनी पुस्तिका त्यांच्यापुढं धरली.

“गणित हे. तुमचे ते नुसते आकडे.”

“मग मोजू,” काका म्हणाले. “पुनवेला तुमच्या विहारात खीर हाय. सगळ्यांसमोर मोजू. तुमच्या पुस्तकाबराबर निघालं, तर पत्रिका गुंडाळून ठेवतो अन् पोरीचं लगीन लावतो. जबान देतो.”

“आणि नाही निघालं तर?”

“तर पत्रिकेवरून तुमचं तोंड बंद. कायमचं.”

वडिलांनी हात पुढे केला. चाळीस वर्षं बोलत आलेल्या माणसानं तोंड पणाला लावलं, तेही माझ्या भरवशावर.

लातूरला परतल्यावर नातीनं मला उचलून गरागरा फिरवलं. “ताई, तुझ्या सीताफळानं माझं लगीन होऊन राहिलं गं!” मी तिला खरं सांगितलं. ती खाली बसली. मग उठली आणि गंजगोलाईच्या बाजारातून चोवीस सीताफळं घेऊन आली.

आम्ही दुपारभर मोजत होतो. मोजणी कुठल्या डोळ्यापासून सुरू केली हे लक्षात राहात नाही, म्हणून तिनं टिकल्यांची पाकिटं फोडली. लाल टिकल्या डावीकडच्या ओळीला, हिरव्या उजवीकडच्या. फळं नटूनथटून बसली, पण ऐकेनात. कुठं सात भरत, कुठं नऊ. एकाची ओळ अर्ध्यात गायब होई. एकाला एका अंगाला डोळेच नव्हते, नुसतं सपाट. चोवीसपैकी तीन फळांत आठ आणि तेरा आले, तेही एकात जरा प्रेमानं मोजल्यावर.

“तीन बस्स झाले,” ती म्हणाली. “तीनच न्यायची.”

“ती लबाडी आहे.”

“त्या बाबानं सतरा मोजले ते खोटेच की. तुझे तीन तर खरे हायेत. त्याच्यापेक्षा तू जास्त खरी.”

तिच्या बोलण्यात खोट काढायला मी लहानपणापासून वाचलेल्या सगळ्या पुस्तिका मनात चाळल्या. एकीतही उत्तर नव्हतं. चांगल्या कामासाठी लबाडी करू नये, असं त्यांत लिहिलेलं होतं. पण ते नेहमी दुसऱ्या बाजूच्या लोकांना उद्देशून होतं. उरलेली एकवीस फळं आम्ही तीन दिवस खाल्ली. गोड होती. ती तीन मी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि आम्ही दोघी कंधारच्या बसमध्ये बसलो.

विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी वाचन चालतं आणि आश्विन पुनवेला त्याची सांगता होते. वाचनाची आमच्या गावातली एक रीत आहे, ती वडिलांनी घातलेली. वाचणाऱ्याला कुणीही प्रश्न विचारायचा. वाचणाऱ्यानं उत्तर द्यायचं, नाहीतर ‘मला माहीत नाही’ असं मोठ्यानं म्हणायचं. गोल-गोल बोलायचं नाही. या रीतीमुळे आमच्याकडे बाहेरचे वक्ते दुसऱ्यांदा येत नाहीत.

माळकरीकाका रिकाम्या हातानं आले होते. मला वाटलं होतं, ते टोपलीभर फळं घेऊन येतील आणि माझा निर्णय परस्पर होऊन जाईल.

“काका, तुमच्या बागेतली नाही आणली?”

“माझी आणली तर छापखाने म्हणतील, मुद्दाम वाकडी आणली. तुझ्यावर भरवसा हाय बाई. काढ.”

मी पहिलं काढलं. आईनं वाटीत नीळ कालवली होती. ती एकेका डोळ्यावर बोट टेकवत मोठ्यानं मोजायला लागली आणि सगळं विहार तिच्यासोबत मोजायला लागलं. डावीकडून आठ. उजवीकडून अकरा, बारा, तेरा. पोरांनी टाळ्या पिटल्या. वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसता चष्मा काढून पुसला. ते फार खूश झाले की तसं करतात. बायकांच्या बाजूला बसलेली नात माझ्याकडे बघून हसली.

“पुढचं काढ,” आई म्हणाली.

“कशाला?” माळकरीकाका उठले. “पोरीनं मोजलंय म्हणल्यावर झालं. मला शंका न्हाई. छापखाने, तुम्ही जिंकलात. पत्रिका उद्याच्याला चुलीत.”

त्यांनी उठून वडिलांचा हात हातात घेतला. झालं होतं काम. मी गप्प बसले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती, एक चांगलं लग्न झालं असतं आणि पाचशे घरांत एक खोटं पान आपोआप उघडत राहिलं असतं. पण त्या माणसानं न मोजता मानलं, आणि ते माझ्या शब्दावर मानलं. आमचं सगळं घराणं ज्या गोष्टीवर चिडतं ती गोष्ट माझ्यासमोर घडत होती आणि महाराज मी होते.

“थांबा,” मी म्हणाले. “ही निवडून आणलीत. चोवीसांत तीन निघाली. बाकीची नाही निघाली.”

वडिलांनी चष्मा पुन्हा घातला.

“मग पान नऊ?” त्यांनी विचारलं. “तू छापायच्या आधी किती मोजली होतीस?”

“एकही नाही.”

“मग ते आलं कुठून?”

“अननसाचं होतं. मी आपल्या मातीतलं केलं.”

आधी माळकरीकाका हसले. मग मागची माणसं. मग आईसुद्धा, निळं बोट तोंडावर धरून. “अननस!” काका डोळे पुसत म्हणाले. “छापखाने, चाळीस वर्षं मला म्हणता, परक्याचं ऐकून बोलता!” वडिलांचे कान लाल झाले होते. ते जागेवरून उठले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं म्हणाले, “मला माहीत नव्हतं.” मग बसले.

हसू ओसरल्यावर काकांनी ते निळं सीताफळ हातात घेतलं.

“बाई, मला विचारायचं होतंस. फुलात बारका किडा फिरतो. तो जिथवर फिरला तिथवर डोळे भरतेत. जिथं पोचला न्हाई तिथं सपाट राहतं. झाड सगळे डोळे बराबर मांडत असंल, मला ठाऊक न्हाई. पण भरायचे कुठले, ते किड्याच्या हातात.”

सत्तर झाडांच्या मालकाला हे ठाऊक होतं आणि मी त्याच्या बांधावरून रोज शाळेत गेले होते.

परतीच्या बसमध्ये नात माझ्या शेजारी बसली नाही. लातूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. उतरताना एवढंच म्हणाली, “ताई, तुझी इमानदारी तुझ्या स्वतःच्या लग्नात वापरायची होतीस.” मग तिनं खोली बदलली. मी सरावपरीक्षांचे प्रश्न टाइप करत राहिले. मी केलं ते बरोबर होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. बरोबर असून माणसाला इतकं हलकट वाटू शकतं, हे मात्र कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा वडील पाचशे चिठ्ठ्या चिकटवत होते. प्रत्येक पान नऊवर, चित्राच्या खाली. चिठ्ठीवर मजकूर होता: ‘हे न मोजता छापले होते. मोजल्यावर चोवीसपैकी तीन निघाली. तुम्ही मोजा आणि कळवा.’ ‘निसर्ग चुकत नाही’ ही ओळ त्यांनी चिठ्ठीखाली दाबून टाकली होती. रागावले होते का, ते कळत नव्हतं. त्यांनी मला खळ कालवायला लावली.

तेवढ्यात माळकरीकाका पेढे घेऊन दारात.

“छापखाने, तोंड गोड करा. पोरीचं ठरलं.”

वडिलांचा चिकटवायचा हात थांबला. “आणि सतरा गुण?”

“तुम्हीच म्हणता ना, मोजल्याशिवाय मानू नका? तुमची लेक छापलेलं पुस्तक माघारी घेते, तर त्या बाबाचा कागद काय दगडावरची रेघ हाय का? म्हणलं पुन्हा मोजू. हदगावला एक हुशार माणूस हाय, त्याच्याकडं गेलो. त्यानं जन्माची वेळ विचारली. आमची मंडळी म्हणाली, दवाखान्यातलं घड्याळ त्या दिवशी बंद होतं, वेळ अंदाजानंच लिहिली. मग त्यानं अर्धा तास पुढं घेतला. तेवीस आले!”

ते इतक्या निर्मळ आनंदानं सांगत होते, की त्यांना वाटत होतं, वडील मिठी मारतील. वडिलांच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बंद घड्याळ, अंदाजाची वेळ, सरकवलेला अर्धा तास: आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो मासला समोर चालत आला होता, पेढ्यांसकट. आणि पत्रिकेवरून त्यांचं तोंड कायमचं बंद होतं. जबान दिलेली. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं आणि शेवटी त्यात पेढा घातला.

माझ्या तोंडाची पैज कुणी लावली नव्हती. काका गेल्यावर मी वही काढली. त्याच नवरा-नवरीच्या जन्मवेळा घेऊन नांदेडला चार, लातूरला चार पत्रिकावाल्यांकडे जायचं आणि प्रत्येकाचे गुण लिहून घ्यायचे, असं ठरवलं. या वेळी इंटरनेट नाही, मी स्वतः जाऊन बसणार. गेलेही. पाच झाले आहेत आणि पाचांत कुठल्याही दोन पत्रिकावाल्यांचे गुण सारखे नाहीत. एकानं तर मलाच विचारलं, किती पाहिजेत.

कुणीतरी नातीला सांगितलं असावं. महिनाभरानं तिचा फोन आला.

“ताई, तू पत्रिकेवर पुस्तक लिहून राहिलीस म्हणे?”

“हो.”

“बराबर मोजून?”

“प्रत्येकासमोर बसून.”

तिच्या मागे वॉर्डात कुणीतरी सलाईन संपल्याचं ओरडत होतं.

“मग छाप. लाखभर छाप. पहिली प्रत मी विकत घेते. पण माझ्या आईची शपथ, अक्षता पडेपर्यंत आजोबाच्या हाती पडू देऊ नको. त्यांना पुन्हा मोजायची सवय लागलीय.”

सत्य थांबत नसतं, असं मी म्हणणार होते. आमच्या कोनाड्यातल्या निम्म्या पुस्तिकांची सुरुवातच तशी आहे. पण तिनं लग्नाची तारीख सांगितली, त्या हदगाववाल्यानंच काढून दिलेली, आणि मी ती मुकाट्यानं वहीत लिहून घेतली. पुस्तिका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला छापायला जाईल. आयुष्यात पहिल्यांदाच मी मुहूर्त पाळते आहे.